तळमजल्यावरचा गाळा क्रमांक तीन

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या पावसाळ्यात विशेष सर्वसाधारण सभेची सूचना लागली. पाण्याच्या टाक्यांची सफाई, लिफ्टच्या देखभालीचा करार आणि त्यापाठोपाठ विषय तिसरा : ‘तळमजल्यावरील गाळा क्रमांक तीनमध्ये बीअर शॉपी सुरू करण्यास ना हरकत दाखला देण्याबाबत विचार करणे.’ या इमारतीत मी बावीस वर्षे राहतो आणि माझा दवाखानाही कोपऱ्यावरच आहे. संध्याकाळी दवाखान्यात आलेल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, तुम्ही काय बोलणार?”

तोवर मी काहीच ठरवले नव्हते. गाळ्याच्या मालकीणबाई माझ्या जुन्या रुग्ण. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतो. यजमानांचे झेरॉक्स आणि वह्यापुस्तकांचे दुकान त्यांच्या निधनानंतर बंद पडले आणि गाळ्याचे भाडे हेच मावशींचे मुख्य उत्पन्न उरले. बीअर शॉपीवाला चालू भाड्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम द्यायला तयार होता. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दोन वर्षांपासून पैसे साठवीत आहेत, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? शल्यचिकित्सकांच्या नावे चिठ्ठी मीच लिहून दिली होती.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचे कारण मात्र मावशी नव्हत्या. मला नाना आठवत होते.

नाना निवृत्त शिक्षक, तेव्हा वय वर्षे चौऱ्याहत्तर. मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी या तिन्हींसाठी ते माझ्याकडे नियमाने येत. पत्नी गेल्यानंतर त्यांनी झोप येत नसल्याची तक्रार केली आणि मी झोपेची सौम्य गोळी लिहून दिली. पुढे वर्षभरात साखर कधी फार खाली, कधी फार वर जाऊ लागली. मी गोळ्यांचे प्रमाण बदलत राहिलो. एके रात्री लघवीला उठले असताना ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी मात्र नाना भिंतीवर मुंग्या पाहू लागले, हातातली सलाईनची सुई उपटू लागले आणि सुनेला ‘शाळेची घंटा झाली, मुलांना आत घ्या’ म्हणून ओरडू लागले. भूल चढली असावी, असे घरच्यांना वाटले. रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. ती हळूच म्हणाली, “रोज संध्याकाळी एक बाटली घेतात. पण बीअरच हो. दारू नाही.”

नानांच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की शंभर पावलांवर, दीड वर्षापूर्वी एक बीअर शॉपी सुरू झाली होती. त्याआधी नाना लग्नकार्यातच काय ते घेत. मी घरी येऊन त्यांचे जुने कार्ड काढले. ‘व्यसन : नाही’ असे माझ्याच अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेसह लिहिलेले होते. त्यानंतर तो प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. साठीच्या पुढच्या, धुतलेला सदरा घालून येणाऱ्या, ‘नमस्कार डॉक्टर’ म्हणणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. त्या संकोचापायी मी दीड वर्ष मद्यावर झोपेची गोळी देत होतो.

‘बीअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. मूतखड्यावर बीअर, सर्दीवर ब्रँडी ही घरगुती औषधे सांगणारी शहाणी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. मोठ्या बाटलीत ६५० मिलिलिटर बीअर असते. ‘स्ट्राँग’ प्रकारात मद्यार्काचे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क. आपल्याकडच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये हे प्रमाण ४२.८ टक्के असते. तिच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क भरतो. म्हणजे नाना रोज संध्याकाळी दोन मोठे पेग घेत होते. फक्त त्यांना तसे वाटत नव्हते, आणि सुनेलाही.

आता वयाचा भाग पाहा. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि स्नायू कमी होतात. मद्यार्क पाण्यात मिसळतो. म्हणून चाळिशीत घेतलेला तोच प्याला पंचाहत्तरीत रक्तात अधिक दाट उतरतो आणि अधिक काळ रेंगाळतो. त्यात गोळ्यांची पुडी. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मद्य घेतले, आणि त्यातून जेवण टाळले, तर पहाटे साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर घसरल्याची लक्षणे घरच्यांना नशेची वाटतात आणि ‘झोपू दे त्यांना’ म्हणून दिवा मालवला जातो. मूत्रपिंड किंवा यकृत कमकुवत असेल तर मेटफॉर्मिनबरोबरचे अतिमद्यपानही घातक ठरते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या उभे राहताना दाब एकदम उतरवतात. मद्य त्यात भर घालते आणि लघवीलाही वारंवार उठवते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या मद्याबरोबर श्वास मंदावतात आणि तोल घालवतात. ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीची डायक्लोफेनॅक नित्य घेणाऱ्याच्या जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. नाना पडले तो उंबरा दोन इंचांचा होता. त्यांना पाडण्यात माझ्या चिठ्ठीवरच्या तीन औषधांचा हात होता.

आणि येथे, विशेषतः सांभाळ करणाऱ्या मंडळींना, एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती रोज पीत असल्याचे ध्यानात आले, तर संतापाच्या भरात बाटल्या मोरीत ओतून ‘आजपासून बंद’ असे करू नका. रोजची सवय असलेल्या शरीराचे मद्य अचानक तोडले की सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम येतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नानांसारखा भ्रम होऊ शकतो, आणि उतारवयात तो जिवावरही बेततो. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत सगळी दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा ही अवस्था आम्ही दवाखान्यांत आठवडाभर पाहत होतो. मद्य सोडायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, त्यात फार महत्त्वाचे. ते देण्याआधी ग्लुकोजची सलाईन लावली तर क्वचित मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून मोतीबिंदू असो, हर्निया असो वा हाड मोडलेले असो, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ही माहिती द्याच. तिथे लाज ठेवू नका. तुमची लाज राखण्यासाठी ते काही करू शकत नाहीत. जीव राखण्यासाठी मात्र बरेच करू शकतात.

सभेकडे वळतो. सूचना लागल्यावर आमच्यातले काही जण आधी नगरसेवकांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि सांगितले, ‘परवाना आमच्या हातात नसतो.’ ते खरेच आहे. आपल्या राज्यात मद्यविक्रीचा कारभार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्याखाली चालतो. विक्रीचे परवाने देणारा कायदा ‘दारूबंदी’ या नावाचा असावा, हा विनोद आपल्या राज्याने पाऊणशे वर्षे गंभीर चेहऱ्याने सांभाळला आहे. ‘परमिट रूम’ हा शब्दही त्याच इतिहासातून आला. पूर्वी मद्य पिण्याचा परवाना प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणाखाली मिळे, म्हणजे आमच्याच पेशाच्या सहीने. परवान्याची सूत्रे आज राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे आहेत. शाळा आणि धार्मिक स्थळे यांपासूनचे अंतर मोजले जाते. ज्याचे गुडघे दुखतात त्याच्या दारापासूनचे अंतर कोणी मोजत नाही.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने हे ऐकून आश्चर्य व्यक्त केले. तिथे २००३ च्या कायद्यानुसार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही मद्यविक्रीचा परवाना स्थानिक कौन्सिलकडून घ्यावा लागतो. अर्जाची सूचना दुकानाबाहेर लावली जाते आणि शेजारीपाजारी लेखी हरकत घेऊ शकतात. हरकत मात्र गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचे संरक्षण या चार कारणांच्या चौकटीत बसवावी लागते. आरोग्य हे स्वतंत्र कारण इंग्लंडच्या यादीत नाही, स्कॉटलंडच्या यादीत आहे. एकाच राजाच्या राज्यात हा भेद का राहिला असेल, याचे मला कुतूहल वाटते. असो.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या हाती काही नाही, असेही समजू नका. ग्रामीण भागात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान आपण ऐकले असेल. २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहो, आडवी म्हणजे बंद होवो. यातली खरी मेख वयस्कर बायाबापड्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला पडलेल्या मतांपैकी निम्मी मते मिळून भागत नाही, नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, महिलांचे मतदान आहे आणि यादीत एक हजार स्त्रिया आहेत. सहाशे आल्या, त्यांतील चारशे ऐंशी जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान सुरूच राहते. पाय दुखतात म्हणून ओसरीवर बसून राहिलेली आजी उभ्या बाटलीच्याच कामी येते. विधानसभेच्या मतदानाला आजीला रिक्षात घालून नेणारी नातवंडे या मतदानाला तिला विसरतात, असे मला खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांकडून कळते. आजीचे नाव यादीत असेल, तर तिला उचलून न्या.

शहरांतील प्रश्न थोडा निराळा आहे. वाईन शॉपचे नवे परवाने गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून जवळजवळ गोठलेलेच होते. जुने परवानेच एका जागेवरून दुसरीकडे हलत राहिले. बीअर शॉपीचे तसे नाही. म्हणून नव्या वसाहतीतील नव्या इमारतीच्या तळमजल्यावर पहिली पाटी झळकते ती बहुधा तिची. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून आणि सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. त्यावर एवढा गदारोळ झाला, की तो प्रत्यक्षात उतरला नाही. मार्च २०२५ मध्ये मात्र सरकारने विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील व्यापारी गाळ्यात नवी बीअर शॉपी किंवा दारूचे दुकान काढायचे, तर त्या संस्थेचा ना हरकत दाखला आवश्यक राहील. आमच्या फलकावरचा तिसरा विषय त्यातूनच आलेला होता. जो निर्णय आजवर कोणा कार्यालयात होत असे, तो आता आमच्या वाहनतळात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होणार होता.

सभेला नेहमीपेक्षा दुप्पट माणसे आली. पहिल्या अर्ध्या तासात तेच बोलले गेले जे अपेक्षित होते : मुलींचे येणे-जाणे, दुचाक्यांची गर्दी, रिकाम्या बाटल्या, सदनिकांचे भाव. ज्येष्ठांचा विषय कोणी काढला नाही, कारण ज्येष्ठ माणसे पितात हेच कोणी गृहीत धरीत नाही. मग मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, “चौकात दोन दुकानं आहेत. ज्याला प्यायची तो तिथून आणतोच. माझ्या गाळ्यानं कोण नवा बिघडणार आहे? आणि तुम्हांला एवढं वाटतं, तर भाड्यातला फरक सोसायटीनं द्यावा.” यावर कोणी हसले नाही. त्यांचे म्हणणे पोकळही नव्हते. बंदीने सगळे सुटत नाही, हे मीही मानतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवावी लागली, आणि जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला, तेव्हा मुंबईत परवान्याच्या दुकानांची वाण नव्हती. मी बंदीवाला नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी अंतराबद्दल बोललो. पंचविशीतल्या मुलाला चौक म्हणजे दोन मिनिटे. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला तोच चौक म्हणजे रस्ता ओलांडणे, रिक्षा, सुटे पैसे, भेटणारे चार ओळखीचे आणि परतताना हातातली पिशवी. हा त्रास म्हणजे एक कुंपण असते. लिफ्टने खाली गेले की दुकान, असे झाले की ते कुंपण उरत नाही. नानांचे नाव न घेता मी शंभर पावलांची हकिकत सांगितली. कार्डावरची माझी चूकही सांगितली. बोलताना मावशींकडे पाहण्याचे मी टाळले.

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले. वय साठीच्या पुढे, मितभाषी, गणपतीत आरतीला टाळ वाजवणारे. ते म्हणाले, “मला नऊ वर्षं आणि दोन महिने झाले, मी घेतलेली नाही. दर गुरुवारी मी भजनाला जातो असं तुम्ही समजता. मी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभेला जातो. दूध आणायला मी दिवसातून दोनदा या गाळ्यासमोरून जातो. दुकान झालं तरी मी कदाचित टिकेन. पण दिवसातून दोनदा, वर्षभर… मला खात्री नाही.” ते बसले. त्यांच्या पत्नी खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होत्या. बावीस वर्षे त्या घराशेजारी राहून, त्यांचा रक्तदाब मोजून, मला यातले काही माहीत नव्हते.

हात वर करून मतदान झाले. दाखला नाकारण्याच्या बाजूने एकतीस, देण्याच्या बाजूने नऊ. मावशींनी स्वतः हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे.

त्या सभेनंतर मी दवाखान्यात एक बदल केला. साठीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, वर्षातून एकदा मी विचारतो. ‘व्यसन आहे का?’ असे विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘आठवड्यातून किती संध्याकाळी घेता? काय घेता? बाटली केवढी?’ असे विचारतो. पहिल्या महिन्यातच एका आजींनी सांगितले, की गुडघ्यांसाठी म्हणून त्या रात्री दोन झाकणे ब्रँडी घेतात, दोन वर्षांपासून. आता त्या झाकणाचे माप कपाएवढे झाले होते. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. आणि घरातल्या वृद्धांबरोबर दवाखान्यात जाणाऱ्यांनो, त्यांच्यासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठी लिहून द्या. आम्ही ती वाचतो.

नाना आता काठी घेऊन चालतात. हाड जुळले. मद्य उपचारांनी सुटले आणि झोपेची गोळीही मी थांबवली आहे. संध्याकाळची वेळ त्यांना अजून जड जाते. त्या वेळी सून त्यांच्याबरोबर कॅरम मांडते, आणि ती मुद्दाम हरते असा त्यांना संशय आहे.

गाळा क्रमांक तीन साडेचार महिने रिकामा होता. आता तिथे रक्त-लघवी तपासणीचे संकलन केंद्र आले आहे. भाडे पूर्वीइतकेच, वाढ नाही. दूध आणायला जाणारे आमचे शेजारी सकाळी तिथल्या मुलाला हात करतात. मावशींची शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही. त्या आता चौकापलीकडच्या डॉक्टरांकडे जातात. परवा लिफ्ट बंद होती. जिन्यात त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. क्षणभर थांबून त्यांनी पिशवी दिली, पण दार येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.